तान्ह्या पोळ्याचा बैल आणि सहा व्होल्ट

मी राहते त्या सेंट पॉल शहरात (अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य) सेंट थॉमस विद्यापीठ आहे. तिथल्या प्राध्यापक अ‍ॅनमरी थॉमस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मुलांना विजेचं सर्किट शिकवायला चक्क मळलेलं पीठ वापरलं. मीठ घातलेल्या पिठाच्या गोळ्यातून वीज वाहते, साखर घातलेल्या गोळ्यातून जवळजवळ वाहतच नाही. आमच्या इथल्या वाचनालयात हा खेळ चालतो, तिथे मी मदतीला जाते. यंदा पोळ्याच्या तोंडावर नागपूरला आले, तेव्हा ताईच्या बिल्डिंगमधली सगळी पोट्टी गोळा केली.

वाचनालयातला नियम एकच. मुलाचा दिवा लागला नाही तरी आपण हात लावायचा नाही. "तू काय बदललंस? मग काय झालं?" एवढंच विचारायचं. नागपुरात हा नियम पाळून घेणं फार अवघड गेलं, कारण दारात उभे असलेले आजोबा आणि काकू लगेच उत्तर सांगून मोकळे होतात. मला मनापासून वाटतं, की सांगितलेलं सर्किट परीक्षेपुरतं टिकतं. चाचपडून सापडलेलं मात्र मूल विसरत नाही.

सुरुवात पिठाने केली नाही. प्रत्येकाला एक सेल, टॉर्चचा एक छोटा बल्ब आणि वायरचा एकच तुकडा दिला. बहुतेकांनी बल्ब सेलच्या डोक्यावर टेकवला आणि वाट पाहिली. सेलमधून वीज बल्बात गेली की झालं, असंच त्यांना वाटत होतं. एकीने वायर सेलच्या दोन्ही टोकांना लावली, ती गरम व्हायला लागल्यावर घाबरून सोडली. बल्बला दोन जागा असतात, खालचं टोक आणि बाजूची धातूची कडा, आणि वीज एकीतून आत येऊन दुसरीतून परत जायला हवी. हे कळायला बराच वेळ लागला. पण एकाचा बल्ब लागला आणि मग सगळे त्याच्या हाताकडे बघून आपापला बल्ब फिरवायला लागले.

मग पीठ काढलं. तान्हा पोळा जवळ आलेला, त्यामुळे प्रत्येकाला बैलच करायचा होता. माझ्या भाच्याने मिठाच्या पिठाचा एकसंध, देखणा बैल केला, दोन लाल एलईडी डोळ्यांच्या जागी खोचले, चार पेन्सिल सेलच्या डब्याच्या वायरी टोचल्या. डोळे लागेनात. "नाही लागून राहिला ना वो मावशी!" एलईडीचे पाय उलटे करून पाहिले, सेल बदलून पाहिले. मी गप्प. शेवटी शेजारच्या मुलीने विचारलं, "वीज डोळ्यातून कशाला जाईल? तिला सरळ पिठातूनच जाता येते की." मुलांनी शॉर्टसर्किट शोधलं होतं. बैलाचं डोकं आडवं कापलं, मध्ये साखरेच्या पिठाची पट्टी घातली, एलईडीचा लांब पाय वर आणि आखूड पाय खाली, लाल वायर वरच्या भागात, काळी खालच्या. दोन्ही डोळे लागले. एक डोळा उपटला तरी दुसरा चालूच. घरात ट्यूबलाइट बंद केली तरी पंखा फिरत राहतो तो का, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

सेंट पॉलच्या मुलांनी लोडशेडिंग पाहिलेलं नाही, इन्व्हर्टर म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही. नागपूरच्या पोरांना फेज जाणं माहीत असतं, एमसीबी पडणं माहीत असतं आणि उन्हाळ्यातला कूलर तर असतोच. म्हणून इथे प्रश्न आला तो असा: "कूलरचा झटका बसतो, मग या पिठाचा का नाही?" त्या चार सेलच्या सहा व्होल्टने कोरड्या त्वचेतून ढकललेला प्रवाह जाणवतही नाही. कूलरच्या पत्र्यात २३० व्होल्ट उतरले, हात ओला आणि पाय ओल्या फरशीवर अनवाणी असले, की वीज हातातून शिरून पायातून जमिनीत जाते आणि आपणच सर्किटमधली वायर होतो. अर्थिंग त्या विजेला परतीची सोपी वाट देतं, म्हणून ते हवंच. मुलं एकदम शांत झाली. सॉकेटला हात लावायचा नाही, हे तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा बजावलं.

घरी करायचं असेल तर मिठाच्या पिठाला एक कप मैदा, एक कप पाणी, पाव कप मीठ, नऊ मोठे चमचे लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा तेल. मध्यम आचेवर ढवळत गोळा होईपर्यंत शिजवा. साखरेचं पीठ शिजवायचं नाही: दीड कप मैदा, अर्धा कप साखर, तीन मोठे चमचे तेल आणि लागेल तसं डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून वीज वाहते. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी सीलबंद डिस्टिल्ड वॉटर मिळतं, तीच नवी बाटली आणा. एलईडी आणि सेलचा डबा नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळतो. एलईडी थेट सेलच्या डब्याला लावू नका, जळेल. पिठाचा अडथळा मध्ये हवाच. बटण सेल लहान मुलांच्या हाती अजिबात देऊ नका, गिळला तर अन्ननलिका भाजते. खेळ झाला की वायरींची टोकं पुसून ठेवा, मिठाने गंजतात.