दोन टक्के, पण कशावर?

आई-बाबांचं घर विकायचं ठरलं तेव्हा कागदपत्रांचं काम भावाने घेतलं आणि एजंटांशी बोलणं माझ्याकडे आलं. मला घासाघीस जमते, असा आमच्या घरात जुना समज आहे. पहिल्याच भेटीत एका एजंटाने हसत सांगून टाकलं, "ताई, दोन टक्के कमिशन. सगळीकडे हाच रेट आहे."

हे 'सगळीकडे' मी जरा तपासून पाहिलं. जपानमध्ये कायद्यानेच कमाल मर्यादा घातली आहे: ८० लाख येनपेक्षा महाग घरासाठी किमतीच्या ३ टक्के अधिक ६० हजार येन, वर कर. त्या मर्यादेच्या आत काहीही ठरवायला मोकळीक. जर्मनीत डिसेंबर २०२० पासून, विकणाऱ्याने एजंट नेमला असेल तर फ्लॅट किंवा घर घेणाऱ्या सामान्य खरेदीदारावर निम्म्याहून जास्त कमिशन टाकता येत नाही. अमेरिकेत तर दोन्हीकडच्या एजंटांचे पैसे बहुतेक वेळा विकणाराच द्यायचा. त्यावर खटले झाले, तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराने घर पाहायला जाण्याआधी आपल्या एजंटशी लेखी करार करायचा, असा नियम आला. एवढं वाचल्यावर 'हाच रेट' या वाक्याचा धाक उरला नाही.

पण दर पाडून घेण्यावरच सगळा जोर लावायचा नाही, हे एका हिशेबाने पटलं. सोपं जावं म्हणून घराची किंमत १०० लाख धरा. २ टक्क्यांनी एजंटला २ लाख मिळतात. त्याने खटपट करून १०५ लाखांचा खरेदीदार आणला, तर आम्हाला ५ लाख जास्त आणि त्याला फक्त १० हजार. त्यातलाही हिस्सा त्याच्या कंपनीला जातो. त्यासाठी तो महिनाभर कशाला थांबेल? आहे त्या पार्टीला हो म्हणा, हाच सल्ला त्याच्या सोयीचा. शिकागो परिसरातल्या घरविक्रीचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात एजंटांची स्वतःची घरं इतरांच्या घरांपेक्षा ३ टक्क्यांहून थोडी जास्त किंमत मिळवत होती आणि साधारण साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहत होती. स्वतःचं घर विकताना त्यांनाही धीर धरता येतो तर!

म्हणून आम्ही दोन टप्प्यांचा प्रस्ताव मांडला. ठरलेल्या किमतीपर्यंत दीड टक्का आणि त्यावर जे मिळेल त्यातले १० टक्के. वरच्या उदाहरणात १०४ लाख आले, तर एजंटला दीड लाख आणि वर ४० हजार, म्हणजे जवळजवळ त्याचे मूळचे दोन टक्केच. यात खरी कुस्ती होते ती 'ठरलेली किंमत' कोणती यावर. एजंट ती खाली ओढणार, कारण मग वरचा टप्पा आयता मिळतो. आम्ही जाहिरातींमधल्या किमती बाजूला ठेवल्या आणि आसपासच्या घरांचे नोंदणी झालेले अलीकडचे व्यवहार समोर ठेवले. त्यावर त्याला फार बोलता आलं नाही.

एकाने मात्र पहिल्याच वाक्याला एक टक्का कबूल केला. भाऊ खूश झाला, मी नाही. स्वतःचे पैसे इतक्या पटकन सोडणारा माणूस आमच्या वतीने खरेदीदारासमोर किती ताणून धरणार? शिवाय एवढ्या कमिशनमध्ये दुसऱ्या एजंटला वाटा द्यायला काही उरत नाही, आणि वाटा नसेल तर बाहेरचे एजंट आपली पार्टी तुमच्याकडे आणत नाहीत.

ज्याला काम दिलं, त्याने दोन टप्पे मान्य केले, पण करारात आणखी बरंच काही दडलेलं होतं. एक कलम होतं की खरेदीदार मिळवून दिला की कमिशन लागू. व्यवहार पुरा होवो न होवो. ते बदलून घेतलं: पूर्ण पैसे आमच्या खात्यात आले की मगच कमिशन. याला त्याने सगळ्यात जास्त विरोध केला. "ताई, माझी धावपळ फुकट जाते की!" त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणून त्यात भर घातली की आम्ही स्वतः मागे हटलो, तर त्याला एक ठरावीक रक्कम देऊ.

दुसरं कलम मुदतीचं. करार संपल्यावर सहा महिन्यांत त्याने घर दाखवलेल्या कुणीही खरेदी केली, तर कमिशन त्याचं. मागणी रास्त आहे, नाहीतर लोक मुदत संपायची वाट पाहत बसतील. पण 'दाखवलेल्या कुणीही' म्हणजे कोण? आम्ही सहाचे तीन महिने केले आणि घर पाहून गेलेल्यांची नावं मुदत संपताना लेखी द्यायची अट घातली. यादीत नाव नसेल तर हक्क नाही.

तिसरा प्रश्न मी विचारला तेव्हा तो थोडा चपापला. "पार्टी तुमचीच असेल तर? दोन्हीकडून घेणार?" हो, घेणार होता. तसं झालं तर आमचा दर एक टक्का आणि दोन्ही बाजूंना ते आधी सांगायचं, असं लिहून घेतलं. आणि आमची शेवटची किंमत त्याला शेवटपर्यंत सांगितली नाही. माणूस वाईट होता म्हणून नव्हे. दोन्ही बाजूंना बसलेल्याच्या कानात ती गोष्ट कशाला घालायची?

पहिला व्यवहार फिसकटला. टोकन झालं, करार झाला आणि खरेदीदाराचं कर्ज मंजूरच झालं नाही. एजंटाने दुसऱ्या दिवशी 'निम्मं तरी' असा विषय काढून पाहिला. मी कलम वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तुम्ही वाचता सगळं," आणि पुन्हा कामाला लागला. दुसरा खरेदीदार दुसऱ्या एजंटमार्फत आला आणि ठरलेल्या किमतीच्या थोडं वर सौदा झाला. त्या वरच्या भागासाठी आमच्या एजंटाने खरोखर झुंज दिली, हे मी समोर बसून पाहिलं.

बिल आलं त्यात फोटो आणि जाहिरातीचा खर्च वेगळा लावला होता. करारात 'सर्व खर्च कमिशनमध्ये धरून' असं होतं. फोन केला, ती ओळ निघाली, आणि उरलेली रक्कम मी त्याच संध्याकाळी त्याच्या खात्यावर पाठवून दिली.