टमरेल कधी बिघडलं होतं का?

रात्री दीड वाजता आमच्या संडासातली टाकी आपोआप भरायला लागली. घरात कुणी उठलेलं नाही, दिवा बंद, आणि आत सुर्रर्र. मग खट्. अर्ध्या तासाने पुन्हा सुर्रर्र. बायको कूस बदलत म्हणाली, "भूत असेल तर असू दे, फ्लश तरी करतंय." शेजारच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "आमच्या वेळी टमरेल होतं. ते कधी बिघडलं होतं का?"

बाबांचं बालपण पुण्यात पेठेतल्या वाड्यात गेलं. बिऱ्हाडं ढीगभर, संडास तीन, सकाळची रांग. टमरेलाला फार तर पोचा यायचा, आणि पोचा आलेलं टमरेल लगेच ओळखू येतं म्हणून उलट बरंच.

प्लंबर दोन दिवस "निघालोच साहेब" म्हणत होता. तिसऱ्या दिवशी मीच टाकीचं झाकण उचललं. बारा वर्षं या घरात राहतोय, पण ते कधी उचललं नव्हतं. आत काहीतरी भयंकर असणार अशी माझी समजूत. आत होतं नितळ पाणी, स्वयंपाकघरातल्या नळाला येतं तेच. तरी बाहेर काढल्यावर हात तीनदा साबणाने धुतला. डोक्याला पटलेलं हाताला पटायला वेळ लागतो.

घरातलं इतकं सरळ यंत्र दुसरं नसेल. बटण दाबलं की मधला खांब वर उचलला जातो, त्याच्या बुडाचं वायसर सुटतं आणि पाणी धाडकन भांड्यात. पाणी उतरलं की फ्लोट, म्हणजे तरंगणारा डबा, खाली येतो आणि पाणी आत सोडणारी नळी उघडते. टाकी भरत आली की फ्लोट वर तरंगतो आणि नळी बंद करतो. वीज नाही, सॉफ्टवेअर नाही, सगळं डोळ्यांसमोर.

म्हणजे गुन्हेगार दोनच. फ्लोट वेळेवर नळी बंद करत नसेल, तर जादा पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडातून गुपचूप भांड्यात जात राहतं. नाहीतर बुडाचं वायसर गळतं. मी पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण केली, टाकीत पाणी सोडणारा खालचा अँगल कॉक बंद केला (तो इतका क्षार धरून बसला होता की फडकं गुंडाळून पिळावा लागला) आणि तासभर थांबलो. पातळी दोन बोटं उतरली. टाकीची लांबी-रुंदी मोजून हिशेब केला: तासाला दीड लिटर, दिवसाला 36. उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवत असताना आमचं भूत रोज दोन बादल्या पाणी पीत होतं. खात्री म्हणून टाकीत खायचा हिरवा रंग टाकला. दहा मिनिटांत भांड्याच्या मागच्या बाजूने हिरवा ओघळ. वायसरच.

दुकानदार म्हणाला, "जुनं आणलंय का? प्रत्येक टाकीचं वेगळं येतं." परत घरी. बाहेर काढलेलं वायसर बोअरच्या पाण्याने पांढरं, कडेने फुगलेलं, भिजलेल्या पापडासारखं. वायसर जिथे बसतं ती कडाही खरखरीत झाली होती. ती लिंबाच्या फोडीने घासली. ॲसिड वापरायचा मोह आवरा. रबराची वाट लागते, आणि चुकून ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली तर विषारी वायू होतो.

काम चालू असताना बाबा दारात स्टूल घेऊन बसले होते. भांड्यातल्या पाण्याकडे बोट करून म्हणाले, "हे तळाशी साचलेलं काढत नाहीस?" ते साचलेलं नसतं, ती कडी असते. गटाराचा वास त्या पाण्याने अडतो. महिनाभर गावाला जाऊन आल्यावर घरात जो वास येतो, तो हे पाणी आटल्यामुळे; बादलीभर ओतलं की जातो. नळीला असा बाक देऊन पाणी अडवून ठेवायच्या रचनेचं पेटंट 1775 साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या माणसाने घेतलं. तो घड्याळजी होता, हे ऐकून बाबांना टाकीबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. "घड्याळवाला का? मग ठीक आहे," म्हणाले.

नवं वायसर बसवलं, कॉक उघडला. टाकी भरली, खट् झालं, आणि मग काहीच नाही. मी उगाचच दोन-तीनदा फ्लश करून पाहिलं. सात मिनिटांचं काम, त्यासाठी तीन रात्री जागलो.

त्या रात्री घर अगदी चिडीचूप. दीडच्या सुमाराला बाबांनी हाक मारली.

"अरे, आवाज येत नाहीये. पाणी गेलं का?"

मी उठलो आणि जाऊन पाहून आलो.