आर्चर सी७ वर ओपनडब्ल्यूआरटी: दुसऱ्या बैठकीत यश

खानापुरातील घरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरच्या मूळ फर्मवेअरऐवजी, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरऐवजी, बसवायची मुक्त प्रणाली) चढवण्याचे काम अखेर पूर्ण झाले, मात्र त्याला दोन बैठका लागल्या आणि पहिलीचा शेवट राउटर बंद पडण्यात झाला. राउटर टीपी-लिंकचा आर्चर सी७, व्हर्जन ५ आहे. कपाटात डब्ल्यूआर८४१एनही पडून होता, पण त्याच्या ४ एमबी फ्लॅश (कायमची साठवण) आणि ३२ एमबी रॅमसाठी ओपनडब्ल्यूआरटीच्या १९.०७ नंतरच्या मालिका निघालेल्याच नाहीत, म्हणून १६ एमबी फ्लॅशचा सी७ घेतला.

हा खटाटोप वेग वाढवण्यासाठी नव्हता. धाकटा भाऊ ऑफिसच्या कॉलवर असताना माझ्या फोनमधले फोटो क्लाउडवर चढू लागले की त्याचा आवाज तुटे. ओपनडब्ल्यूआरटीमधील एसक्यूएम (डेटाच्या रांगा आवरणारी सोय) आणि त्यातला ‘केक’ (रांग लावण्याची पद्धत) यांचा उपयोग नेमका याच दुखण्यावर होतो.

पहिल्या बैठकीत तळाच्या स्टिकरवरून व्हर्जन पडताळले, २४.१० मालिकेतील ‘फॅक्टरी’ फाईल उतरवली (‘सिसअपग्रेड’ फाईल राउटरवर आधीपासून ओपनडब्ल्यूआरटी असेल तेव्हाची), शा-२५६ (फाईल अखंड उतरली का ते दाखवणारी खूण) जुळवले आणि मूळ फर्मवेअरच्या पानावरूनच अपग्रेड सुरू केले. बाहेर धो धो पाऊस होता. पट्टी अर्ध्यावर असताना लाईट गेली. आमच्या इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पंखे आहेत. लाईट आल्यावर ना मूळ फर्मवेअरचा पत्ता १९२.१६८.०.१ उघडे, ना ओपनडब्ल्यूआरटीचा १९२.१६८.१.१.

अशा वेळी धीर सोडू नये, कारण बूटलोडर (राउटर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) फ्लॅशच्या वेगळ्या भागात असतो आणि या अपग्रेडमध्ये त्याला हात लागत नाही. रीसेट दाबून धरून राउटर चालू केला आणि डब्ल्यूपीएसचा दिवा लागेपर्यंत बोट तसेच ठेवले, की तो १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरील टीएफटीपी (साधी फाईल-देवाणघेवाण) सर्व्हरकडे ठरावीक नावाची रिकव्हरी फाईल मागतो. फॅक्टरी फाईलला तेच नाव दिले, लॅपटॉपला तोच पत्ता दिला, केबल लॅन पोर्टला लावली, आणि तरीही चार वेळा काहीच घडले नाही. आधी विंडोजच्या फायरवॉलवर संशय घेऊन तो बंद केला, तरी सर्व्हरच्या लॉगमध्ये एक ओळही उमटेना. नीट पाहिल्यावर लक्षात आले की राउटर चालू होताच लॅपटॉपचे पोर्ट खाली जाऊन पुन्हा वर येते आणि त्या दोन-तीन सेकंदांतच बूटलोडर मागणी करून मोकळा होतो. मध्ये जुना पाच पोर्टचा स्विच टाकल्यावर लॅपटॉपचा दुवा सतत जिवंत राहिला आणि पहिल्याच खेपेस फाईल गेली. तासभर ज्याने खाल्ला, त्यावरचा उपाय मांडणीवर धूळ खात होता!

पुढचे सोपे होते. १९२.१६८.१.१ वर रूट (मुख्य वापरकर्ता) म्हणून पासवर्डविना प्रवेश मिळतो, म्हणून पासवर्ड लगेच ठेवावा. वायफाय सुरुवातीला बंदच असते, ते चालू करताना देश भारत निवडावा. पीपीपीओईचे (इंटरनेट जोडणीत लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) युजरनेम आणि पासवर्ड मात्र मी आधी लिहून ठेवले नव्हते, म्हणून केबलवाल्या काकांना फोन करावा लागला. अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत बोलणी खाल्ली आणि दोन्ही मिळवले.

एसक्यूएममध्ये १०० एमबीपीएसच्या जोडणीला दोन्ही दिशांना ९० ची मर्यादा घातली आहे. सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोडिंग (पॅकेट्स जवळच्या वाटेने पुढे ढकलण्याची सोय) बंद ठेवले, कारण ते एसक्यूएमशी पूर्णपणे जुळत नाही. काल फोटो चढत असतानाच भावाचा कॉल पाऊण तास चालला. त्याने तक्रार केली नाही, आणि तो तक्रारीत कसूर करणारा नव्हे.

ल्युसीचा (ओपनडब्ल्यूआरटीच्या ब्राउझरमधल्या सेटिंग-पानांचा) मराठी पॅकही टाकून पाहिला. बरीच पाने अजून इंग्रजीतच दिसतात, तेव्हा पुढच्या नोंदीआधी इन्व्हर्टरची वायर राउटरपर्यंत ओढायची आणि जमतील तेवढ्या ओळी मराठीत आणायच्या, असा बेत आहे.