आमची वाटचाल : फांद्यांच्या हिशेबाने

पुण्यात सोलापूर रस्त्यालगतच्या आमच्या रोपवाटिकेत सुरुवातीला गुलाब, जास्वंद आणि कुंपणाची कामिनी एवढाच माल असे. बोन्साय म्हणून जे विकले जाई ते बाहेरून आलेले, फुगीर मुळांवर लहान पानांच्या फायकसचे (वड-पिंपळाच्या जातकुळीतल्या झाडाचे) कलम केलेले झाड होते. ते झटपट खपत असे, परंतु त्याच्या साऱ्या फांद्या कलमाच्या जागेतूनच झुडपासारख्या फुटलेल्या असत. त्यांना पुढे आकार देण्यास फारसा वाव उरत नसे. म्हणून तो माल हळूहळू बंद करून आम्ही स्वतःच झाडे घडवू लागलो, आणि त्यासोबत पैसा अनेक वर्षे अडकवून ठेवण्याचा धंदाही पत्करला.

फांदी जाड होते ती तिच्यावरच्या पानांमुळे. दर आठवड्याला शेंडे खुडलेली फांदी नीटनेटकी दिसते, मात्र बारीकच राहते. त्यामुळे खोडाच्या साधारण एकतृतीयांश उंचीवर, वळणाच्या बाहेरच्या अंगाला पहिली फांदी निवडली की आम्ही तिला हवी तशी लांब पळू देतो. तिच्या बुंध्याला पुरेशी जाडी आली की एक-दोन पेरे ठेवून ती छाटतो, फुटलेल्या धुमाऱ्यांपैकी दोनच राखतो आणि त्यांनाही पुन्हा मोकळे सोडतो. या रीतीने प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा बारीक होत जातो. चीनमधील ग्वांगडोंग प्रांताची लिंगनान परंपरा मुख्यतः अशा छाटणीवरच उभी आहे. हे सारे जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत व्हावे लागते, कारण उथळ ट्रेमध्ये मुळे आखडली की जाडी येण्याचा वेग फार मंदावतो. बहुतेक झाडांचा जोर शेंड्याकडे धावतो, म्हणून वरचा भाग वारंवार छाटावा लागतो आणि खालच्या फांद्यांना हात न लावता थांबावे लागते. नव्या कामगाराला हे न छाटणे शिकवणे सर्वांत कठीण जाते.

फांदीला वळण देण्यासाठी तिच्याभोवती तार गुंडाळतात; तिचे गणित पुण्याच्या हवेने ठरवले. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत फायकस इतक्या वेगाने वाढतो की काही आठवड्यांतच तार सालीत रुतू लागते, आणि तो व्रण वर्षानुवर्षे दिसतो. त्यामुळे पावसाळ्यात तार बांधलेल्या झाडांची पाहणी आठवड्याला ठरलेली असते. तार उलगडत न बसता ती कटरने तुकडे करून काढायची, हा आमच्याकडचा नियम आहे. तार फांदीच्या जाडीच्या साधारण एकतृतीयांश असावी आणि सुमारे ४५ अंशांत गुंडाळावी. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणलेली तांब्याची तार आधी लाल होईपर्यंत तापवून मऊ करतो. नवशिक्यांच्या हाती मात्र ॲल्युमिनियमच द्यावे. बोगनवेलीची जुनी फांदी वाकवताना तडकते, तर जेडच्या रसाळ फांद्यांना तार फारशी सोसत नाही, म्हणून ही झाडे आम्ही जवळजवळ छाटणीवरच घडवतो.

पाने उतरवण्याविषयी गिऱ्हाइकांत विनाकारण उत्साह दिसतो. निरोगी फायकसची पाने उन्हाळ्याच्या तोंडावर, देठ ठेवून कापली की नवी पाने लहान येतात आणि डहाळ्या दाट होतात, हे खरे आहे. तथापि हा शेवटच्या टप्प्यातला संस्कार आहे. जी फांदी अजून जाड व्हायची आहे तिची पाने काढणे म्हणजे तिचे अन्नच काढून घेणे होय.

धंदा तगला तो झाडांच्या विक्रीवर नव्हे. घाऊक रोपे, गच्चीवरील बागांची देखभाल आणि मुलांकडे सहा-सहा महिने परदेशी जाणाऱ्या मंडळींची झाडे सांभाळणे, यांवर महिन्याचा खर्च निघत गेला. (शेवटच्या कामाची कल्पना आम्हाला सुचली नव्हती, कोथरूडकडच्या गिऱ्हाइकांनीच ती आमच्या गळ्यात घातली.) जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. त्या दिवसांत येणारा प्रत्येक जण प्रथम झाडाचे वय विचारतो. आम्ही किंमत वयावर लावत नाही, कारण जुन्या वाड्याच्या भिंतीतून काढलेल्या पिंपळाचे खोड म्हातारे असले तरी त्याच्या फांद्या कालच्या असू शकतात. पहिली, दुसरी, तिसरी अशी फांद्यांची विभागणी (छाटून दोन धुमारे राखण्याचा एकेक टप्पा) कुठवर आली आहे आणि तारेचे व्रण आहेत की नाहीत, हे पाहूनच दर ठरतो.

प्रत्येक झाडाला क्रमांक आहे आणि छाटणी, तार, कुंडीबदल यांची नोंद वहीत होते. अनुभवी माळी काम सोडून गेला तर कोणती फांदी कशासाठी वाढू दिली होती हे सांगणारे कोणी उरत नाही, म्हणून कारणही लिहून ठेवण्याची सक्ती आहे. सध्या चिंचेची एक तुकडी दुसऱ्या विभागणीवर आहे आणि ती विक्रीस नाही. कोणास त्यातील झाड हवे असल्यास ते नावावर राखून ठेवता येते. किंमत त्याच वेळी ठरते, पुढील वर्षांची देखभाल वेगळी आकारली जाते आणि पावसाळ्याखेरीज केव्हाही येऊन छाटणीला स्वतः हात लावता येतो.