कोरा रकाना

वॉर्डातून फोन आला. "तुम्ही दिलेलं रक्त बरोबर होतं ना?" रक्तपेढीत काम करणाऱ्याच्या पोटात या प्रश्नानं गोळाच येतो. सात दिवसांपूर्वी त्या वॉर्डातल्या एका बाईंसाठी रक्ताच्या दोन पिशव्या मीच मॅच करून दिल्या होत्या. त्यानंतर ७.९ झालेलं हिमोग्लोबिन आता ५.६वर आलं होतं. अंगात ताप, डोळे पिवळे, आणि रक्तस्राव कुठेच सापडत नव्हता.

रजिस्टर, पिशव्यांचे नंबर, सगळं तपासलं. चूक नव्हती. फ्रिजमध्ये जपून ठेवलेला त्या दिवशीचा नमुना काढून पुन्हा क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते पाहणारी टेस्ट, लावला; तोही जुळला. मग ताजा नमुना मागवून डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट लावली; लाल पेशींवर अँटिबॉडी चिकटली आहे का, ते ती दाखवते. जेल कार्ड उजेडाकडे धरलं. बहुतेक लाल पेशी तळाशी बसल्या होत्या, पण एक बारीक लाल रेघ वरच अडकली होती. तळाशी बाईंच्या स्वतःच्या पेशी. वर रक्तदात्याच्या, अँटिबॉडी चिकटलेल्या.

त्या पेशींवरची अँटिबॉडी उतरवून पॅनेलवर, म्हणजे अँटिजेन (पेशीवरच्या ओळखखुणा) आधीच माहीत असलेल्या पेशींवर लावली, तेव्हा नाव कळलं: किड या रक्तगटातली, जेके-ए अँटिजेनविरुद्धची अँटी-जेके-ए. हिची खोड अशी, की एकदा तयार झाली तरी काही महिन्यांत रक्तातलं प्रमाण इतकं घटतं की टेस्टमध्ये दिसतच नाही. स्मृतिपेशी मात्र शरीरात टिकून असतात. तोच अँटिजेन पुन्हा आला की काही दिवसांत त्या अँटिबॉडीचा लोंढा सोडतात, आणि चढवलेलं रक्त फुटू लागतं.

मी वॉर्डात गेले. "मावशी, याआधी कधी रक्त चढवलं होतं का?"

"हो की. धाकट्याच्या वेळी, दोन बाटल्या. या खेपेला कुणी विचारलंच नाही, ताई."

मागणीच्या फॉर्मवर तो रकाना कोरा होता, आणि मीही तो तसाच स्वीकारला होता. विचारलं असतं तरी त्या दिवशी टेस्ट निगेटिव्हच आली असती, हे खरं. पण जुने कागद शोधता आले असते. निदान डोळे पिवळे दिसल्या दिवशीच संशय आला असता.

जेके-ए निगेटिव्ह पिशवी शोधण्यात अख्खी दुपार गेली. ती चढल्यावर हिमोग्लोबिन टिकलं, लघवीही नीट होत राहिली. मावशी घरी निघाल्या तेव्हा त्यांना अँटिबॉडीचं कार्ड लिहून दिलं. टेस्ट निगेटिव्ह आली तरी हे दाखवायचं, असं त्यांच्या मुलाकडून दोनदा वदवून घेतलं.

आता तो रकाना कोरा आला की मी फॉर्म परत पाठवते.