'पगार किती देणार?' हे आधी विचारणारी पोरं

परवा सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत शेडबाहेर चहाला उभे होतो, चार-पाच छोटे वर्कशॉपवाले, आणि बोलणं फिरून फिरून तिथंच आलं. हल्लीची पोरं. कामाला बोलवलं की पहिला प्रश्न पगार किती, दुसरा सुट्टी कधी, मशीन कुठलं आहे ते विचारतच नाहीत. एकजण म्हणाला, आयटीआय करून आलंय, माप घ्यायचं व्हर्नियर धड वाचता येईना आणि मागतंय 20 हजार. सगळ्यांनी माना हलवल्या. दोन वर्षांपूर्वी मीपण हलवली असती. परवा हलवली नाही, आणि का नाही हे तिथं उभ्या उभ्या सांगता येईना म्हणून इथं लिहितोय, जरा लांबेल.

माझं जॉबवर्क आहे, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे पार्ट कापून द्यायचे; त्या पार्टलाच आम्ही जॉब म्हणतो. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, ही प्रोग्रॅमवर चालणारी मशीनं, आणि एक जुनं लेथ जे मी विकत नाही. 1996 साली सतराव्या वर्षी मी याच एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागलो, महिना 600 रुपये. आमच्या वयाचे सगळे हा आकडा छाती पुढं काढून सांगतात की आम्ही 600 वर राबलो, तक्रार नाही केली. मीपण कित्येक वर्षं सांगितलं. मग एकदा विट्याकडचा एक पाहुणा, गलाईवाला म्हणजे सोनं-चांदी गाळणारा, सहज म्हणाला की तेव्हा 10 ग्रॅम सोनं पाच हजारांच्या आसपास होतं की. हिशोब केला तर माझा साडेआठ महिन्यांचा पगार. आज सोनं लाखाच्या कुठल्या कुठं वर गेलंय आणि नवीन पोराला आम्ही देतो 12-13 हजार. म्हणजे त्याला तेवढंच सोनं घ्यायला माझ्यापेक्षा जास्त महिने लागणार, आणि आम्ही त्यालाच म्हणतो की तुझ्या अपेक्षा वाढल्यात. सोन्याचा भाव म्हणजे काही सगळं जगणं नाही हे मला कळतं, पण त्या दिवसापासून 600 ची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

आता ज्या पोरामुळं हे सगळं डोक्यात फिरायला लागलं त्याचं सांगतो. नाव नको. तासगावकडच्या गावातला, टर्नर ट्रेडचा आयटीआय, दोन वर्षांचा. कामाला चांगला, शांत, आठच्या पाळीला पावणेआठला हजर. पाच महिने झाले आणि एक दिवस डबा खाताना म्हणाला, दादा, 12 वर भागत नाही, 18 करा. मी म्हणालो अरे अजून तुला सेटिंग, म्हणजे नव्या पार्टसाठी मशीन लावणं, येत नाही, आधी शीक की. तर त्यानं जॉबकार्डाच्या मागच्या बाजूला पेनानं लिहून दाखवलं. रोज जाऊन-येऊन 45-50 किलोमीटर, लिटरभर पेट्रोल, 26 दिवसांचे 2700. गाडीचा हप्ता 3200. मोबाईल 300. घरात आईच्या हातात 4000. बहिणीची फी. खाली बेरीज करून रेघ मारली आणि कागद माझ्या पुढं सरकवला, एक शब्द बोलला नाही. त्यात हॉटेल नव्हतं, मावा नव्हता, कायच नव्हतं फालतू.

मला राग आला होता. खरं सांगतो, कागद बघून पण राग आला होता.

आठवड्यानं जॉब रिजेक्ट झाले. 48 नग. 100 मिमी व्यासाचा स्टीलचा पार्ट, बाहेरचा फिट एच-सिक्स, म्हणजे मापात 22 मायक्रॉनची सगळी मोकळीक, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, केसापेक्षा किती बारीक ते तुम्हीच बघा. कस्टमरकडं गेले, त्यांच्या क्वालिटीनं मोजले तर सगळे अंडरसाइज, मापापेक्षा बारीक, आणि बिलातनं पैसे कापल्याची डेबिट नोट आली 19 हजारांची. मी त्या पोरावर जे ओरडलो ते अख्ख्या शेडनं ऐकलं. लक्ष सगळं मोबाईलमधी, पगार वाढवून पाहिजे आणि माप घेता येत नाही, असलं सगळं. तो एवढंच म्हणत होता, दादा, मी प्रत्येक नग मोजलाय, माप बरोबर होतं.

आणि माप खरंच बरोबर होतं. हे मला रात्री घरी आल्यावर कळलं, जेवताना. एप्रिल महिना, पत्र्याचं शेड, त्यात त्या दिवशी कूलंटचा, म्हणजे जॉब गार ठेवणाऱ्या पाण्याचा, पंप नीट चालत नव्हता आणि मीच म्हणालो होतो की चालवा तसंच, गाडी पाचला येणार आहे. जॉब मशीनमधून तापलेला निघत होता. 100 मिमीचं स्टील 20 अंशांनी तापलं तरी 20 मायक्रॉनच्या वर फुगतं, म्हणजे फिटची सगळी मोकळीक तिथंच संपली. पोरगं तापलेला जॉब हातात घेऊन मायक्रोमीटर लावत होतं, जास्त दिसतंय म्हणून ऑफसेट देत होतं, म्हणजे टूल अजून आत घेत होतं, आणि जॉब निवला की माप खाली. त्यानं मोजण्यात काडीची कसूर केली नव्हती. जॉब निवू दे, मग मोज, हे त्याला सांगणारा माणूस शेडमधी मीच होतो आणि मी सांगितलं नव्हतं. मला माझ्या मिस्त्रींनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, टपली मारून का होईना, पण शिकवलं होतं. पाणी मारून फडक्यानं पुसायचा, बाजूच्या टेबलावर ठेवायचा, दुसरा लावायचा, मग पहिला मोजायचा. मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं पुसायची, रॅचेट तीनदा कट-कट वाजेपर्यंत फिरवायचं, जास्त जोर नाही. एवढंसं ज्ञान आहे. पण ते कुणाच्या तरी हातातून यायला लागतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं की चूक माझी होती. तो बरं म्हणाला. पंधरा दिवसांनी चाकणला गेला, कॉन्ट्रॅक्टवर, 22 हजार आणि जाण्या-येण्याला बस. मी थांब म्हणालो नाही, कुठल्या तोंडानं म्हणणार होतो.

तर चहाच्या टपरीवर जे म्हणतात की पोरं आकडा कुठनं आणतात देव जाणे, त्यांना मला सांगायचंय की पोरं आकडा अंदाजानं सांगत नाहीत. आयटीआय झालेल्या अप्रेंटिसला 2019 च्या नियमात महिना किमान 7000 धरले होते. 2024 ला राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली त्यात आयटीआयवाल्याला महिना 8000, तेपण नुसतं शिकाऊ म्हणून. मग पोरगं म्हणतं, शिकाऊला एवढे तर अख्खी पाळी मशीन चालवणाऱ्याला किती? प्रश्न रास्त आहे. आणि त्याच गावातला त्याचा मित्र ऑक्टोबर छाटणीला द्राक्षाच्या टोळीत जातो, एकरावर काम घेतात, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मग विरळणी, सीझनमधी आमच्या ऑपरेटरपेक्षा जास्त पाडतो दिवसाला. ते पण कसबाचंच काम आहे, कुठला डोळा ठेवायचा आणि कुठला काढायचा हे काय कुणालाही येत नाही. अजून एक आहे, ज्यावर शेडमधी कुणी मोठ्यानं बोलत नाही. लग्न. स्थळ बघायला आले की विचारतात पर्मनंट आहे का, पुण्याला आहे का. कुपवाडला वर्कशॉपमधी आहे म्हटलं की चहा पिऊन उठतात. पंचविशीतल्या पोराला हा आकडा पोटासाठी जेवढा लागतो तेवढाच चारचौघात उभं राहायला लागतो.

आता मालकाची बाजू, कारण मी पण मालकच आहे आणि ही बाजू खोटी नाही. माझ्या सीएनसीचा तासाचा दर 300 च्या आसपास मिळतो. आठ तासांच्या पाळीत सेटिंग, टूल बदलणं, लाईट जाणं धरून मशीन खरं सहा तास कापतं. दोन पाळ्या, 26 दिवस, 93,600 रुपये एका मशीनचे. त्यातनं बँकेचा हप्ता 38 हजार, लाईटबिल, इन्सर्ट म्हणजे टूलची कापणारी धार, ऑइल, शेडचं भाडं, टेम्पो, आणि मग उरलेल्यात दोन ऑपरेटर आणि मी. तेपण पैसे वेळेत आले तर. छोट्या उद्योगाचं बिल 45 दिवसांच्या पुढं अडवायचं नाही असा 2006 चा कायदा आहे, माझी बिलं 90 दिवसांनी येतात आणि मी काही बोलत नाही कारण पुढची ऑर्डर पाहिजे असते. चार वर्षं दर वाढवून मागितला नव्हता मी कस्टमरकडं. भीती वाटायची. आणि ते पोरगं पाच महिन्यांत माझ्यापुढं कागद ठेवून मागून मोकळं झालं. आमच्यात कुणाचं धाडस जास्त म्हणायचं?

एक मात्र मला पटत नाही आणि ते मी पोरांच्या तोंडावर बोलतो. शिकायला वेळ लागतो, तो वेळ कुणाला चुकलेला नाही. सहा महिन्यांत तीन ठिकाणी बदललेलं पोरगं तीनही ठिकाणी फक्त बटण दाबायला शिकतं. जॉब लाव, दार बंद कर, हिरवं बटण. मशीनचा आवाज बदलला की इन्सर्ट गेलाय हे कानाला कळायला एक पावसाळा, एक उन्हाळा त्याच मशीनवर काढावा लागतो. आणि जॉब पकडून फिरणाऱ्या चकची चावी चकमधी ठेवून जो मोबाईल उचलतो त्याला मी त्याच दिवशी घरी पाठवतो, मग तो किती का हुशार असेना. चालू झालेल्या चकमधनं सुटलेली चावी मी एकाच्या कपाळावर बसलेली बघितलीय.

पण थांबायला सांगायचं तर कशासाठी थांबायचं ते दिसायला पाहिजे ना. विट्या-आटपाडीकडची पोरं गलाईच्या धंद्यात पार केरळ, तमिळनाडूपर्यंत जातात, मिसरूड फुटायच्या आधी, आणि सुरवातीला हातात फार काही पडत नाही, तरी टिकतात. का? कारण ज्याच्याकडं गेलाय तो मामा किंवा चुलता पण असाच आला होता आणि आज त्याचं स्वतःचं दुकान आहे, हे रोज डोळ्यासमोर असतं. आमच्या शेडमधी पोराला काय दिसतं? दहा वर्षं काम केलेला ऑपरेटर, पगार 19 हजार, पाठ धरलेली. गावाकडच्या पोरांना मशीनचं काम जमत नाही म्हणणाऱ्यांनी किर्लोस्करवाडी आठवावी. 1910 साली औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला, आणि नांगर धरणाऱ्या घरातल्या पोरांनीच पुढं लोखंडाचे नांगर बनवले. शिकवलं म्हणून जमलं.

गेल्या दिवाळीनंतर मी एक कागद टाइप करून शेडमधी लावलाय. नुसतं लोड-अनलोड, 13 हजार. माप घेऊन स्वतः ऑफसेट देता आला, 16. दिलेल्या ड्रॉइंगवरनं सेटिंग करून पहिला नग पास काढला, 20. प्रोग्रॅम लिहिता आला, 25. शेजारी लिहिलंय की कोण शिकवणार आणि आठवड्यातनं कधी, शनिवारी दुपारी दोन तास मशीन बंद ठेवून. ते दोन तास मला परवडत नाहीत. पण 48 नग पण परवडले नव्हते. आणि हा कागद लावायच्या आधी जुन्या दोघांचे पगार त्यात बसवावे लागले, नाहीतर ते दोघं माझ्याकडं बघेनात. त्यासाठी मग कस्टमरकडं गेलो, चार वर्षांत पहिल्यांदा, दर मागितला. तासाला 20 रुपये वाढवून मिळाले. 50 मागितले होते.

आत्तापर्यंत एक पोरगं 13 वरनं 16 वर गेलंय, पाच महिन्यांत. एक गेला सोडून, कागद असून पण गेला, त्याला गावात गाडी धुण्याचं सेंटर टाकायचं होतं. तो आळशी होता असं मी कुणाला सांगणार नाही.

काल एकजण आला होता वडिलांना घेऊन, कवठेमहांकाळकडचा. वडील टोपी हातात धरून म्हणाले, मालक, पगाराचं बघू मागनं, पोराला काम शिकवा. मी म्हणालो, काका, मागनं नको, आत्ताच बोलू. पोरगं तोपर्यंत भिंतीवरचा कागद वाचत होतं. मग वळून म्हणालं, वीसला किती दिवस लागतात? मी म्हणालो मला साडेतीन वर्षं लागली होती, तुला निम्म्यात यायला पाहिजे, कारण मला कुणी शनिवार दिला नव्हता. त्यानं वडिलांकडं बघितलं. सोमवारपासून येतोय, सकाळच्या पाळीला. पहिले पंधरा दिवस त्याच्या हातात फक्त मायक्रोमीटर आणि फडकं देणार आहे.