भंडारदऱ्याला जायचंय? आधी कॅलेंडर बघा

मुंबई पुण्याचे लोक मला सारखं विचारतात की भंडारदऱ्याला दोन दिवसांत काय काय होईल, आणि मी उलट विचारतो की कुठल्या महिन्यात जाताय, कारण तिथे प्रत्येक गोष्टीचा सीझन वेगळा आहे.

धबधबे बघायचे असतील तर ऑगस्ट. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ सालचं, ते भरलं आणि पाणी सोडलं की पायथ्याचा अम्ब्रेला फॉल आणि खाली रंध्याचा धबधबा, जवळपास १७० फुटांचा, खरा बघण्यासारखा. एरवी रंधा म्हणजे नुसता काळा कडा, मग लोक रिव्ह्यूमध्ये एक स्टार देतात, त्यात धबधब्याचा काय दोष?

पण पावसाळ्यात सांधण दरीचं नाव काढू नका प्लीज. साम्रदजवळ जमिनीला पडलेली ही खोल भेग आहे, दोन्ही बाजूंना कातळ, वरचं सगळं पाणी तिच्यातूनच कोकणात उतरतं. डिसेंबर-जानेवारीत जा, तेव्हाही सुरुवातीला पाण्यातून चालावं लागतं, आणि ते पाणी इतकं गार की भर दुपारी पायात कळ येते कारण ऊन खाली पोचतच नाही. शेवटी एकदम कडा तुटतो आणि समोर कोकण.

कळसूबाई (१६४६ मीटर) बारी गावातून चढायचा, शिड्या आहेत, विकेंडला अक्षरशः लाईन लागते. मला विचाराल तर त्यापेक्षा रतनवाडी. हेमाडपंती अमृतेश्वर मंदिर, खांबांवरची कोरीव कामं निवांत बघा, तिथूनच रतनगडाची वाट आहे आणि वरच्या नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात, बसलं की वारा अक्षरशः ढकलतो.

आणि काजवे! मे अखेर ते पहिला मोठा पाऊस, बस तेवढाच टाईम. हिरडा, बेहडा, सादडा असल्या झाडांवर हजारोंनी असतात, आख्खं झाड एका तालात पेटतं-विझतं. नर मादीला बोलावत असतात हो, आणि आपण जाऊन हेडलाईट, टॉर्च, फ्लॅश मारतो, त्या उजेडात त्यांना एकमेकांचा सिग्नल दिसणार कसा? वर पावलागणिक जमिनीवरच्या माद्या चिरडतात. म्हणून शनिवारी रात्री जाऊच नका, मधल्या वारी जा, गाडी गावातच लावा, झाडाखाली न जाता लांबून बघा. फोटो तसाही येत नाही मोबाईलवर.

घोटीवरून येणार असाल तर डिझेल-पेट्रोल आणि कॅश तिथेच घ्या, पुढे रेंजचा भरवसा नाही म्हणजे यूपीआयचाही नाही.